सव्वा मूठ गहू

धुळ्याच्या आमच्या गल्लीतले आबा जन्मभर गॅरेजमध्ये राबलेले. ओट्यावर बसून जाणाऱ्या प्रत्येक ट्रकचा आवाज ऐकायचे आणि कुणी न विचारता सांगायचे, "इंजिन थकेल शे. घाटमा बसी जाई."

त्यांचा मुलगा आफ्रिकेत मेकॅनिक होता. लष्करानं मोडीत काढलेल्या विमानांतून तिथली कंपनी चोरटा माल न्यायची. त्यातलं एक पडलं, माणसं मेली, तेव्हा आबा आमच्या फोनवर ओरडले, "पोऱ्या, घर ये!" तो हसला. "आबा, मनं विमान दुसरं शे."

दुसरंही पडलं. त्याच्या सोबत्याचा फोन मीच घेतला. तो आत होता, कुणीच वाचलं नव्हतं. मी आबांना तसंच सांगितलं. कंपनी मात्र म्हणाली, आमचं विमान त्या दिवशी उडालंच नाही. त्यामुळे देह नाही, दाखला नाही. सून अजून कुंकू लावते.

श्रावणात कानबाई देवीच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्यांसाठी, घरातल्या प्रत्येक जिवंत माणसाच्या नावानं सव्वा मूठ गहू घेतात. यंदा मी आबांकडेच होते. सगळ्यांचे घेऊन झाल्यावर आबांनी आणखी एक मूठ भरली.

"ताई, त्याना नावनी लेऊ का नको?"

एरवी मी स्पष्ट बोलते. त्या वेळी जमलं नाही. "घ्या, आबा."

"मंग कोनीच वाचनं नही, हाई तूच सांगेल व्हतं ना?"

आबांनी ती मूठ सुपात सोडली नाही आणि पोत्यातही परत टाकली नाही. सून गहू दळायला घेऊन गेली. आबा मूठ आवळूनच ओट्यावर जाऊन बसले. समोरून एक भरलेला ट्रक कण्हत गेला. आबा काही बोलले नाहीत.