ज्यांच्या तोंडी फुगा नव्हता

शेजारच्या शारदाताई नसत्या, तर ते पुस्तक मला नुसती रंगांची मारामारी वाटलं असतं. माझी शाळा सातवीतच सुटली. इथं बंगळुरात मी शिवणाच्या कारखान्यात असते. रविवारी ताई आपल्या मुलाचं ते इंग्रजी चित्रपुस्तक मला मराठीत वाचून दाखवतात. परग्रहावरचं युद्ध आहे. चौकटीचौकटीत यंत्रं, रक्त, आग. सेनापती मरताना दोन पानं बोलतो. खालच्या कोपऱ्यात पृथ्वीवरून कामाला आलेल्यांची वस्ती जळते. त्यांची तोंडं उघडी आहेत, पण बोलणं लिहायचा फुगा एकाच्याही तोंडाशी नाही.

“हे काय म्हणतायत, ताई?”

“काही नाही गं. ती नुसती गर्दी आहे, दाखवायला.”

“मरताना आईलासुद्धा हाक मारली नाही कुणी?”

ताईंनी चष्मा पुसला आणि पुस्तक डोळ्यांजवळ नेऊन तो कोपरा पुन्हा पाहिला.

माझी मात्र चीड जाईना. चित्रकाराला बंदुकीचा एकेक स्क्रू रेखाटायला सवड होती, आणि घरदार सोडून आलेल्यांना एक शब्द द्यायला नव्हती? आमच्या कारखान्याला आग लागली, तर आम्हीही अशाच मुक्या जळू, अशी धास्ती वाटते.

ताईंचे डोळे हल्ली दुखतात. मी इंग्रजी शिकतेय. एक दिवस मीच त्यांना वाचून दाखवीन, आणि त्या कोपऱ्याशी थांबून ती माणसं काय म्हणाली असतील, तेही सांगीन.