थेंबमास्तरांच्या खिशातली रिंग

थेंबमास्तर कधी एका जागी बूड टेकून बसलेत, असं कुणी पाहिलेलं नाही. हे नाव त्यांना कारखान्यातल्या मंडळींनी ठेवलेलं. तेलाच्या दाबावर चालणारं कुठलंही यंत्र असो, त्याच्याखाली तेलाचा एक थेंब दिसला की हा माणूस बेचैन. कुणाकडे पाहुणा म्हणून गेला तरी आधी गळका नळ शोधणार, मग यजमानांची चौकशी करणार. बत्तीस वर्षं त्यांनी हायड्रॉलिक व्हॉल्व्ह उघडले, पुसले, बसवले. आपण बसवलेला एकही व्हॉल्व्ह तक्रार होऊन परत आला नाही, हे ते दर दोन दिवसांनी ऐकवायचे आणि घरचे माना डोलवायचे.

घरच्यांनाही त्यांनी सोडलं नव्हतं. "तुझी आई म्हणजे रिलीफ व्हॉल्व्ह," ते लेकीला सांगायचे. "ठरलेल्या दाबापर्यंत हूं की चूं नाही. दाब त्याच्यावर गेला की उघडते आणि जास्तीचं तेल टाकीत सोडून देते. म्हणून तर घर फुटत नाही! आणि तू डायरेक्शनल. तू दांडा जिकडे करशील तिकडे सगळ्यांनी वाहायचं."

"आणि तुम्ही हो, बाबा?"

"मी चेक व्हॉल्व्ह. तेल पुढे जाऊ देणार, मागे थेंबभर येऊ देणार नाही. एकदा बोललो की बोललो."

"ते मात्र खरं," बायको आतून म्हणायची. "चूक झाली तरी मागे येत नाहीत."

जावई बसगाड्या दुरुस्त करायचा. त्याच्या वर्कशॉपमध्ये अख्खी बस उचलणारी लिफ्ट होती. सिलिंडरमध्ये तेल भरलं की फलाट वर जायचा आणि तळाशी बसवलेला चेक व्हॉल्व्ह ते तेल आत अडवून धरायचा. वर बस, खाली माणूस, आणि दोघांच्या मधे तो मुठीएवढा व्हॉल्व्ह. महिन्याभरापूर्वी मास्तर सहज डोकावले, तर जावई फलाटाखाली चार लोखंडी टेकू उभे करत होता.

"हे काय, जावईबापू? मी व्हॉल्व्ह बसवलेल्या लिफ्टखाली टेकू?"

"सवय आहे, बाबा. बाकी काही नाही."

"काढा ते! माझ्या कामावर भरवसा नसेल तर सरळ तोंडावर सांगा." चारचौघांत बोलले, आवाज चढवून. बिचाऱ्यानं मान खाली घालून टेकू काढले. मास्तरांचा राग मात्र घरी येईपर्यंत धुमसत होता.

आज सकाळी त्याच व्हॉल्व्हच्या, तेल झिरपू न देणाऱ्या रबरी रिंगा बदलायला ते गेले होते. मास्तरांची एक पद्धत होती. काढलेली जुनी रिंग शर्टाच्या खिशात टाकायची आणि काम झालं की खिसा चाचपायचा. दोन बदलल्या तर जुन्या दोन हातात यायला हव्यात. आजही दोन आल्या. लिफ्ट रिकामीच वर करून पाच मिनिटं पाहिली, फलाट हलला नाही. बस अजून यायची होती. लेकीनं जेवायला बोलावलं होतं, म्हणून ते निघाले. जावई म्हणाला, "तुम्ही व्हा पुढे. बसचे ब्रेक बघतो आणि येतोच."

लेकीनं ताट वाढलं. मास्तर दोनदा उठले, खिडकी उघडली, खिडकी लावली, न्हाणीघरातला नळ पिळून आले.

"बाबा, बसा ना हो एकदाचे!"

बसले. बसल्या बसल्या बोटं खिशात गेली. एक रिंग कडक होती, एका अंगानं दबून चपटी झालेली. जुनी रिंग अशीच असते. दुसरी अंगठ्याखाली फिरली आणि फिरतच राहिली. गोल. मऊ. कुठेही दबलेली नाही.

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. नवी रिंग खिशात, म्हणजे जुनी आत! सकाळी हात तेलात बुडालेले असताना लेकीचा फोन वाजला होता. "येताय ना जेवायला?" तेवढ्या एका वाक्यात दोन काळ्या रिंगांची अदलाबदल झाली होती. रिकाम्या फलाटाचं वजन ते किती! जुन्या रिंगेनं पाच मिनिटं तग धरला. पण बस चढली की दाब कितीतरी पट, आणि त्या कडक रिंगेच्या कडेनं तेल बाहेर यायला लागणार. हळूहळू येईल, नाहीतर एकदम.

"त्याला फोन लाव."

"कामात असला की कपाटात ठेवतो. तेलाचे हात लागतात म्हणून."

वर्कशॉपच्या कचेरीत लावला. जेवणाची सुट्टी, वाजून वाजून बंद झाला.

"काय झालं, बाबा? तोंड असं का झालंय?"

काय सांगणार? तुझ्या नवऱ्याच्या डोक्यावर बस आहे, ती माझ्या चुकीवर उभी आहे, आणि टेकू मीच काढायला लावलेत? मास्तर चपला न घालता निघाले.

दहा मिनिटांचा रस्ता. गुडघे दुखत होते, धाप लागली होती, तरी ते पळत होते. माणसं बाजूला होत होती. एक जण ओरडला, "अहो आजोबा, कशाला एवढी घाई?" मास्तरांच्या डोक्यात एकच वाक्य घण घालत होतं. काढा ते. काढा ते. आपलाच आवाज, चारचौघांतला.

वर्कशॉपमध्ये बस वर होती. खाली जावई, दोन्ही हात वर, हातात पाना.

"बाहेर या! आधी बाहेर या!"

जावई दचकून बाहेर आला. सासऱ्यांचे धुळीनं भरलेले पाय बघून त्याचा चेहरा उतरला. तो बसच्या पुढे आडवा उभा राहिला, काहीतरी झाकायला बघत असल्यासारखा.

"रागावू नका, बाबा. तुम्ही गेल्यावर लावले. रोजच लावतो, तुम्ही नसताना. खोटं कशाला बोलू?"

मास्तरांनी त्याला बाजूला सारलं. चारही टेकू जागेवर होते. जावई नेहमी फलाट आणि टेकू यांच्यात चार बोटांची फट ठेवायचा. आता फट नव्हती. अख्खी बस त्या चार टेकूंवर बसली होती आणि सिलिंडरच्या तळाशी तेलाचं थारोळं साचलं होतं.

"मघाशी ठक्क असं काहीतरी वाजलं खरं," जावई पुटपुटला. मग त्याचं लक्ष थारोळ्याकडे गेलं आणि त्यानं हातातला पाना खाली ठेवला.

मास्तरांनी खिशातली नवी रिंग काढून त्याच्या तळहातावर ठेवली. "ही आत हवी होती. चूक माझी." हे शब्द त्यांच्या तोंडून कधी बाहेर पडले नव्हते. ते तिथेच तेलकट जमिनीवर बसले, जावयाचं मनगट दोन्ही हातांनी घट्ट धरून, आणि बराच वेळ उठलेच नाहीत.

"बाबा, उठा. ती जेवायची थांबली असेल."

"उठतो," मास्तर म्हणाले. डोळे त्यांनी बाहीनं पुसले. "पण यापुढे टेकू माझ्यासमोर लावत जा."