अंगठ्याला बांधलेली दोरी

त्या सकाळी वर्तकनगरहून निघाले तेव्हा पिशवीत लॅपटॉप, पाण्याची बाटली आणि नको इतका आत्मविश्वास होता. मानपाड्याच्या आमच्या छोट्या कार्यशाळेतून पट्टी घेतली. माशाच्या कुशीवर पाण्याची हालचाल ओळखणारी एक रेघ असते; तिच्यावरून आम्ही ही रबराची पट्टी बनवली, केसाहून बारीक तंतू लावून. पाणी हललं की तंतू वाकतात आणि लॅपटॉपच्या पडद्यावरची रेघ उडी मारते. कार्यशाळेतल्या चाचणीच्या हौदात ती एकदाही चुकली नव्हती.

रिक्षाने दिवा गावच्या खाडीवर पोचले. मागच्या खेपेला ओळख झालेले हिराकाका होरीत (होडीत) वाट पाहत होते. जन्मभर त्यांनी जाळ्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून मासे धरले. मधुमेहाने त्या पायाची जाणीव गेली. आज पट्टीला मासा कळला तर होरी ठेवायची, नाहीतर उद्या पुतण्याला देऊन टाकायची, असं ते घरी कबूल करून आले होते. हे मला आधी कळलं असतं तर मी आलेच नसते.

“आंगठा मेला माजा. तुजी पट्टी तरी जिती हाय ना?”

“एकदम जिवंत, काका,” मी ऐटीत म्हणाले.

पट्टी जाळ्याच्या तोंडाशी बांधली. काकूंनी दिलेली तांदळाची भाकरी आणि सुकट खात बसलो. खाडीचं पाणी काळं, वास घशात बसणारा. तेवढ्यात रेघ उडाली.

“ओढा!” मी ओरडले.

जाळ्यात प्लास्टिकच्या पिशव्या आणि एक चप्पल. पुन्हा टाकलं, पुन्हा पिशव्या. तिसऱ्यांदाही तेच. मला रडूच आलं. आमच्या हौदात आम्ही फक्त मासे सोडले होते. कचरा सोडायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

“पट्टी खोटी नाय, पोरी,” काका म्हणाले. “पानी हाललंच. पन मावरा (मासळी) येगला लागतं, पिशवी येगली. त्या आंगठ्याला कलायचा.”

मी माफी मागितली. पट्टी सोडून पिशवीत ठेवली. काकांनी जाळं शेवटचं पाण्यात सोडलं, दोरी त्या बधिर अंगठ्याला बांधली आणि डोळे मिटून बसले.

दोरी दोनदा थरथरली. मला दिसली, त्यांना कळली नाही. पुन्हा पिशवीच असणार, कशाला त्यांचा जीव वरखाली करायचा, म्हणून मी गप्प बसले. बऱ्याच वेळाने काकांनी जाळं वर ओढलं तेव्हा ते रिकामं होतं.

संध्याकाळी घरी येऊन पट्टीवरचा चिखल धुतला. आता होरी पुतण्याच्या दारात आहे. ती पिशवीच होती, असं मी स्वतःला रोज सांगते. पण तेव्हा “ओढा!” म्हणायला हवं होतं.