तीन प्रिंटर आणि भाईची नक्कल

दसऱ्यानंतरचा पहिला शनिवार, सकाळचे दहा. पेडण्याच्या बाजारातले कंप्युटरचे दुकान. माझ्या खिशात पंधरा हजार रुपये. हजर चौघे: मी, माझा थोरला भाऊ म्हणजे भाई, वहिनी आणि दुकानदार.

मी घरी बसून चार-पाच व्यापाऱ्यांचे हिशेब आणि जीएसटीची कामे करतो. जुना प्रिंटर पावसाळ्यात बंद पडला होता, त्यामुळे नवा घ्यायचाच होता. पण त्या दिवशीची घाई भाईसाठी होती. गावच्या जत्रेच्या नाटकात तीस वर्षे राजाची भूमिका त्याचीच. गेल्या उन्हाळ्यापासून त्याच्या दोन्ही डोळ्यांना मधले दिसेनासे झाले. कडेचे दिसते, समोर धरलेले दिसत नाही. यंदाचे नाटक नवे, सगळे संवाद नव्याने पाठ करायचे. दिग्दर्शकाने सांगितले होते की वाचायला जमणार असेल तर रविवारपर्यंत कळव, नाहीतर भूमिका दुसऱ्याला द्यावी लागेल. मोबाईलवर वाचून ऐकवायचा उपाय आम्ही करून पाहिला होता. भाईने तो दोन दिवसांत बंद केला. वाचणाऱ्याचाच सूर तोंडात बसतो, म्हणाला.

म्हणून मी त्याची नक्कल, म्हणजे त्याचे संवाद आणि प्रत्येक संवादाआधीचे समोरच्या पात्राचे शेवटचे शब्द, ठळक मोठ्या अक्षरांत टाइप केली. एका पानावर आठच ओळी. बावीस पाने होती, ती एकशे बत्तीस झाली. एवढ्या पानांना कुठले मशीन परवडेल, ते मी घरूनच मांडून आणले होते.

कार्ट्रिजचे छोटे मशीन साडेचार हजारांना. पण पानाला चार रुपये, आणि काही दिवस वापरले नाही की शाई सुकते. शाईच्या टाकीचे तेरा हजारांना. पानाला पंधरा पैसे, रंगही येतात. लेसर साडेचौदा हजारांना. पानाला दीड रुपया, फक्त काळे, आणि सुरू होताना वीज एवढी ओढतो की दुकानातली ट्यूब लुकलुकली. माझे मत टाकीला होते. आमच्याकडे नकलेत समोरच्याचे शब्द तांबड्या शाईत लिहितात, आणि तांबडा रंग लेसर देणार नव्हता.

दुकानदाराने एकच पान आधी कार्ट्रिजवर, मग टाकीवर काढले. भाई पान बाजूला धरून, मान वळवून, डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत होता. पहिले त्याला फिके वाटले. दुसरे बराच वेळ धरले.

"हे काळे बरे आहे," तो म्हणाला. "पण मध्ये मध्ये ओळी कशाला सोडल्यास रे?"

मी एकही ओळ सोडली नव्हती. तिथे तांबडी अक्षरे होती.

वहिनी म्हणाली, "आणि भाड्याच्या गाड्यांचे नंबर बरे वाचता? काल घरापुढच्या बाल्कांवात बसून हरमलला जाणारी प्रत्येक गाडी मला नंबरासकट मोजून दाखवलीत."

"त्यांची पाटी काळी असते गो. आकडे पिवळे. ते दिसतात."

दुकानदाराने कीबोर्ड पुढे ओढला. तांबड्या ओळींच्या जागी काळ्या पट्ट्या घातल्या आणि त्यांत पांढरी अक्षरे. टाकीच्या मशीनमधून पान ओले होऊन आले, पापडासारखे वळले, अनुस्वार शाईत बुडाले. लेसरमधून आले ते सपाट, कोरडे, हाताला गरम. आत फुंकरीने उडेल अशी पूड असते आणि उष्णतेने ती कागदावर वितळून बसते, असे दुकानदाराने सांगितले. मी पट्टीवरून बोट फिरवले. काळे लागले नाही. पुडीचा एक कणही आपली हद्द सोडून गेला नव्हता, आणि जिथे ती पडलीच नव्हती तिथे अक्षर उभे होते. आयुष्यात हजारो पाने छापून घेतली असतील. छापणे म्हणजे काय ते मी त्या दिवशी पाहिले.

भाईने पट्टीवरचे शब्द एकेक अक्षर लावत वाचले: महाराज, दरवाजे उघडे आहेत. मग खालचा त्याचा संवाद. दुसऱ्यांदा म्हणताना त्याने पानाकडे पाहिले नाही.

"असू देत. ज्याला आम्हांला सोडून जायचे आहे, त्याच्यासाठी आम्ही भिंती बांधल्या नाहीत."

उन्हाळ्यापासून हा आवाज घरात कोणी ऐकला नव्हता. दारात मोबाईलचे कव्हर घ्यायला आलेला माणूस पायरीवरच थांबला. दुकानदार खुर्चीवरून उठला होता, का ते त्यालाही सांगता आले नसते. मी तीस वर्षे पुढच्या रांगेत बसून जे बघत आलो, ते दोन हातांवर प्रथमच बघत होतो.

"आता जत्रा होईपर्यंत घरात महाराज म्हणायला लागणार," वहिनी मला म्हणाली.

काळ्या पट्ट्यांमुळे पान अडीच रुपयांना पडेल, असे दुकानदाराने प्रामाणिकपणे सांगितले. एकशे बत्तीस पानांचे तीनशे तीस. चालेल म्हटले. भाईने मला दिग्दर्शकाचा नंबर लावून द्यायला सांगितले आणि फोनवर एवढेच बोलला, "भूमिका कोणाला देऊ नकोस."

दुकानदाराला चौदा हजार आठशे रुपये रोख दिले: लेसरचे साडेचौदा हजार, कागदाच्या रिमचे तीनशे. चाचणीच्या पानांचे पैसे त्याने घेतले नाहीत.