फुसफुसणारी झडप

परवा कुकरची शिट्टी फुसफुसत होती, म्हणून मी शहाण्यासारखं तिच्यावर ओलं फडकं दाबलं. बायकोनं ते हिसकावलं, पण तापल्या रबराच्या वासानं मी थेट दुष्काळातल्या पुणतांब्यात, आमच्या गोठ्यात पोचलो.

गोठ्यात एकच संकरित गाय होती आणि आमची तान्ही पोर तिच्याच दुधावर होती. मी हौसेनं आणलेल्या दूध काढायच्या जुन्या यंत्राचा, ओढीचा जोर दाखवणारा काटा सारखा लटपटायचा, दूध ओढणारे कप सडांवरून गळून पडायचे. रबरी नळीवरच्या झडपेतून हवा फुसफुसत आत जायची. हीच गळती, असं ठरवून मी झडप चिंधीनं गच्च बांधली. ती झडपच यंत्राची ओढ आवरत होती, हे आज कळतं. तेव्हा काटा वर चढून स्थिर झाला आणि मी खूश. गाय लाथा झाडायला लागली, तर मी तिलाच दटावलं.

मग यंत्राच्या काचेच्या बरणीत दूध रक्तानं गुलाबी दिसलं. सड काळेनिळे पडले होते. गाय आटली तर पोरीला पाजायचं काय? बायकोनं यंत्र बंद केलं आणि ती कोमट पाण्यानं कास शेकत बसली. कितीतरी वेळानं तिच्या हाताला पांढरी धार लागली.

"काटा तर जागचा हलत नव्हता गं," मी पुटपुटलो.

"तुमी काट्याकडं बगत हुता," ती मान वर न करता म्हणाली. "गाय मगापासून सांगत हुती."