मावशी स्वेटर का उसवायची

आमच्या चर्चला यंदा शंभर वर्षं होतात म्हणून समिती एक पुस्तक काढते आहे, आणि माझ्या मावशीवर बारा ओळी लिहून देण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं आहे. सोबत एक छापील कागद आला. त्यात जन्म, शिक्षण, चर्चची सेवा असे रकाने आहेत, आणि सगळ्यात खाली लिहिलंय, 'ज्यांना स्वेटर दिले त्यांची नावे. शक्य असल्यास फोटो.' तो रकाना वाचला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला जे सांगायचंय ते बारा ओळींत मावणार नाही, आणि समितीला जे हवंय ते माझ्याकडून मुळीच मिळणार नाही.

मावशी म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण. नोकरी गावच्या पोस्टात, टपाल वेगळं करायच्या टेबलावर. कुणाला कोर्टाचं पाकीट आलं, कुणाच्या मुलाची पत्रं यायची बंद झाली, हे तिला त्या घरच्यांच्याही आधी कळायचं आणि ते तिच्या पोटातच राहायचं. आम्ही भाचरं खोदून खोदून विचारायचो, पण तिनं कधी ताकाला तूर लागू दिली नाही. लग्न का केलं नाहीस असं विचारलं तर "वेळ नव्हता" म्हणायची, आणि विचारणाऱ्याच्या हातात लोकरीची लडी अडकवून त्याला गुंडा होईपर्यंत बसवून ठेवायची. त्यामुळे दुसऱ्यांदा कुणी विचारत नसे.

आमचं चर्च दगडी आहे. थंडीत आत पाय ठेवला की पहिल्या ओळीपर्यंत पोचेस्तोवर नाक लाल होतं. म्हणून डिसेंबर लागला की रविवारची प्रार्थना सोडून सगळा कारभार शेजारच्या सभागृहात हलतो. तिथे लाकडांची मोठी शेगडी आहे. मंगळवारी म्हातारे पत्ते खेळतात आणि एकमेकांना लबाड ठरवतात. बुधवारी सगळ्यांना गरम सूप असतं. गुरुवारी दुपारी मुलांच्या गायनाचा सराव असतो, आणि पियानो मी वाजवते. फादर शेगडीजवळच्या खुर्चीत डोळे मिटून बसतात. त्याला ते चिंतन म्हणतात. आम्हीही चिंतनच म्हणतो.

सभागृहाच्या व्हरांड्यात मुलांचे कोट अडकवायला खुंट्यांची रांग आहे. मावशीचं खरं काम त्या खुंट्यांवर चालायचं. थंडीच्या सुरुवातीला लोक जुने स्वेटर आणून देत, आणि मावशी त्यातला एकही तसाच पुढे देत नसे. आधी खांद्याची शिवण उसवायची, बाह्या सुट्या करायची, मग वरून एकेक ओळ ओढत सगळा स्वेटर मोकळा करायची. कुरळा झालेला धागा खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लडी करायची, ती कोमट पाण्यात बुडवायची आणि खाली वजन लावून वाळत टाकायची. धागा सरळ झाला की वेगळ्या रंगाचा दुसरा धागा त्याच्या जोडीला धरून दोन्ही मिळून विणायची. जे कारखान्यात कापून शिवलेले असत त्यांचे तुकडेच निघायचे. ते ती बाजूला ठेवायची आणि त्यातून गुडघ्यांवर घ्यायची पांघरुणं करायची. माप कुणाचं घेत नसे. सरावाच्या वेळी माझ्या मागे बसून पोरांच्या पाठी बघायची. मग एखाद्या गुरुवारी एखाद्याच्या खुंटीवर, त्याच्याच कोटाखाली, नवा स्वेटर असायचा. चिठ्ठी नाही, निरोप नाही. ज्याचा कोट त्याचा स्वेटर.

इतका उपद्व्याप कशाला, असं तिला गावातल्या बऱ्याच शहाण्यांनी विचारलं. उत्तर साधं होतं. वर्गात एखादीनं "हा माझा जुना स्वेटर" असं म्हटलं की घालणारीचं तोंड उतरतं. ते उतरू नये म्हणून. हिच्या लहानपणी असंच काही घडलं असणार, असं लोक आपसात ठरवूनही मोकळे झाले. काहीही घडलं नव्हतं. दुसऱ्याची लाज राखायला आधी स्वतःची जावी लागते, हे या लोकांनी कुठून काढलं कोण जाणे.

मग समितीवर नवे अध्यक्ष आले. शहरात मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, घसा कायम साफ केलेला, आणि माइक दिसला की हात शिवशिवणारे. पहिल्याच बैठकीत त्यांनी मावशीला समजावलं, "मावशी, तुमचे कष्ट कबूल आहेत. पण चांगला स्वेटर उसवायचा म्हणजे देणाऱ्याचा अपमान नाही का? आपली वस्तू कुणाच्या अंगावर गेली हे त्यालाही दिसलं पाहिजे. त्याशिवाय पुढच्या वर्षी कोण देईल?"

"इतकी वर्षं देतायत," मावशी म्हणाली.

"पण पद्धत नको का काही?"

पद्धत म्हणजे स्टेज, पद्धत म्हणजे यादी. स्वेटर धुऊन, इस्त्री करून, देणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी टाचून टेबलावर मांडायचे. घ्यायला आलेल्याचं नाव माइकवरून पुकारायचं. फादरांनी या बाजूला मान हलवली, मग त्या बाजूला हलवली. आम्ही बाकीचे मूग गिळून बसलो. त्या 'आम्ही'त मी होते, आणि आज एवढी तावातावानं लिहिते आहे म्हणून ते झाकत नाही.

पुढचं सांगण्याआधी एक बजावते. या हकिकतीतला स्वेटर हिरवा नव्हता, मुलीचं वय मी बदललं आहे, आणि तिचा बाप कौलं घालणारा नव्हता. उगाच बोटं मोजत बसू नका.

तर, घरांवर कौलं घालणाऱ्या एकाची मुलगी होती, नऊ वर्षांची. बाप आदल्या वर्षी छपरावरून पडून गेला. आई धुलाईकेंद्रात चादरी इस्त्री करायची. मुलगी गायनात दुसऱ्या रांगेत उभी राहायची आणि तिच्या जिवावर पहिली रांग सुरात असायची. समारंभात तिचं नाव पुकारलं गेलं. अध्यक्षांनी तिच्या खांद्याला धरून तिला लोकांकडे वळवलं. "वडील नाहीत बिचारीला," ते माइकमध्ये म्हणाले. "बाळ, कॅमेऱ्याकडे बघ. हास थोडी." पोर हसली. ते हसू मी पियानोपाशी बसून पाहिलं, आणि उठून त्या माणसाचा माइक काढून घेतला नाही याची मला आजही लाज वाटते.

स्वेटर हिरवा, पांढऱ्या बटणांचा, खिशावर बदक असलेला. तो अध्यक्षांच्या नातीचा होता, आणि नात सरावाला हिच्या शेजारीच उभी राहायची. गुरुवारी ती अगदी प्रेमानं म्हणाली, "डाव्या खिशाला भोक आहे हं. मी त्यातून पेन्सिल घालायचे." तिच्या मनात काही नव्हतं. आजोबांच्या मनातही वाईट काही नव्हतं म्हणतात. मला त्याचं कौतुक नाही. पाय तुडवणाऱ्याचं मन तपासत बसायला मला वेळ नाही.

पुढच्या गुरुवारी मुलगी आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. त्या आठवड्यात नळातलं पाणी गोठलं होतं. शनिवारी दुपारी तिची आई वर्तमानपत्रात गुंडाळलेला स्वेटर घेऊन मावशीकडे आली. मी तिथेच होते.

"मावशी, घालत नाही ती हा," ती म्हणाली. "मारलं तरी घालत नाही. शाळेत कुडकुडत बसते, खोकते. गाण्यालाही जात नाही म्हणते. मला राग येतो तिचा, आणि येतही नाही."

मावशीनं उपदेश केला नाही. "बस, चहा घे" म्हणाली आणि कात्री काढली. आईच्या देखतच तिनं खांद्याची शिवण उसवली. बदक निघालं, ते शेगडीत गेलं. हिरव्याच्या जोडीला धागा हवा होता आणि सगळी लोकर तर अध्यक्षांच्या टेबलावरून वाटली गेली होती. मावशीनं कपाटातून पोस्टात घालायचा स्वतःचा राखी स्वेटर काढला. "मला काखेत काचतो हा," असं पुटपुटत तोही उसवला. तो तिला मुळीच काचत नव्हता. लड्या धरून माझे हात आखडले. मंगळवारी पाठ झाली, बुधवारी बाह्या. गळ्याची पट्टी तिनं दोनदा विणून उसवली, कारण दुकानातल्या मालाइतकी सफाई येत नव्हती. बुधवारी आई येऊन म्हणाली, "उद्या तिला ओढत आणते, मग तुम्ही बघा." गुरुवारी मुलगी आली, मागच्या बाकावर बसून राहिली, गायली नाही. जाताना कोट काढायला खुंटीपाशी गेली आणि बराच वेळ तिथेच उभी राहिली. पुढच्या गुरुवारी ती दुसऱ्या रांगेत होती. स्वेटर हिरवाही नव्हता आणि राखीही. अध्यक्षांची नात म्हणाली, "किती छान आहे गं." तिनं ओळखला नाही.

थंडी सरता सरता समितीची बैठक झाली. अध्यक्षांनी यादी उघडली आणि घसा साफ केला.

"एक गोष्ट नाइलाजानं सांगावी लागते. त्या कौलं घालणाऱ्याच्या मुलीला आपण स्वेटर दिला, आमच्या घरचा, चांगला. तिच्या अंगावर तो एकदाही दिसला नाही. आणि आता ती दुकानातला कोरा स्वेटर घालून फिरते. म्हणजे ऐपत आहे आणि तरी आई रांगेत उभी करते. दिलेला बहुतेक विकून टाकला. अशी खोटी माणसं यादीत नकोत. मी नाव काढायला सुचवतो."

माझं डोकं भणभणलं. तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात मावशीनं टेबलाखालून माझं मनगट असं पकडलं की बांगडी रुतली.

"काढा," ती म्हणाली.

अध्यक्षांना नवल वाटलं. "तुम्हीसुद्धा म्हणता, मावशी?"

"हो. पण पेनानं काढा. पेन्सिलीनं नको."

त्यांनी पेनानं नाव खोडलं. वर मावशीच्या स्पष्टवक्तेपणाचं कौतुकही केलं.

घरी जाताना मी रस्त्यात तिच्याशी भांडले. "ती बाई चादरी इस्त्री करून हात भाजून घेते, आणि हा माणूस चारचौघांत तिला चोर म्हणतो. एक शब्द बोलली असतीस तर तोंड बंद झालं असतं त्याचं."

"बंद झालं असतं?" मावशी म्हणाली. "माइकवरून सांगितलं असतं त्यानं. पोरीनं आमचा स्वेटर नाकारला, मग मावशींनी दुसरा करून दिला. फोटोसुद्धा काढला असता."

"पण तो त्यांना खोटारडं समजतो."

"समजू दे. तो काय समजतो ते पोरीच्या अंगावर दिसत नाही. आता यादीत नाव नाही, म्हणजे पुढच्या वर्षी तिला स्टेजवर कुणी बोलावणार नाही."

मला ते तेव्हा पटलं नव्हतं, आणि पूर्ण आजही पटत नाही. त्या आईनं चोरीचा ठपका का सोसायचा, हा माझा प्रश्न तसाच आहे. पण समितीच्या त्या वर्षीच्या यादीत पेनानं खोडलेलं एकच नाव आहे, आणि मावशीनं आयुष्यात कुणासाठी चर्चकडे काही मागून घेतलं असेल तर ते एवढंच.