दाबा, थांबा

जपानमधल्या २०११च्या भूकंपानंतर तीन दिवस शेजारच्या काकू थंड घरात कुडकुडल्या. गॅसवर चालणाऱ्या बॉयलरचं गरम पाणी जमिनीखालच्या नळ्यांतून फिरलं की आमची घरं ऊबदार होतात. पण धक्क्याने गॅसमीटर आपोआप बंद पडला होता. तो सुरू कसा करायचा, ही सूचना इमारतीच्या ऑफिसने फक्त जपानीत चिकटवली, आणि ती आम्हाला वाचता येत नव्हती!

चौथ्या दिवशी दरवर्षीच्या तपासणीचा गॅसवाला आला. सवयीने मीटरलाही वाकून ‘सुमिमासेन’, म्हणजे ‘माफ करा’, म्हणाला. मीटर सुरू करायचं बटण मात्र त्याने काकूंनाच दाबायला लावलं.

“अगं बाई, मी? स्फोट झाला तर?”

“दाईजोबु, काही होत नाही,” तो म्हणाला. काकूंनी बटण दाबलं; तीन मिनिटं मीटरने गळती तपासली आणि गॅस सुरू झाला.

मग त्याने माझ्याकडून दोन मराठी वाक्यं लिहून घेतली आणि वाकड्या अक्षरांत मीटरवर गिरवली: ‘दाबा. ३ मिनिटं थांबा.’

हे त्याचं काम नव्हतं. आता शेजाऱ्याच्या मीटरवर त्याच्या भाषेत तुम्ही लिहा. आजच.